लहान विमाने, उभयचर विमाने आणि उतरण्याच्या जागेचा प्रश्न

नागरी विमान वाहतुकीचा विचार करताना दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि तेथील मोठी जेट विमाने प्रथम डोळ्यांसमोर येतात. तथापि, भारतातील नागरी उड्डाणाचा पाया दोन ते चार आसनांच्या, एकाच इंजिनाच्या लहान विमानांनी घातला आहे. वैमानिकांचे प्रशिक्षण आजही याच विमानांवर होते. जमीन आणि पाणी या दोन्हींवर उतरू शकणारी उभयचर विमाने हा याच कुळातील दुसरा प्रकार होय. जगभरातील विमानप्रेमींना प्रिय असलेल्या या दोन्ही प्रकारांचे भवितव्य मुख्यत्वे उतरण्यासाठी उपलब्ध असलेल्या जागेवर अवलंबून असते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

सफदरजंगचा वारसा

दिल्ली फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ मध्ये झाली, तर आज सफदरजंग नावाने ओळखले जाणारे विमानतळ १९२९ मध्ये अस्तित्वात आले. पूर्वी ते विलिंग्डन एअरफील्ड म्हणून ओळखले जाई. त्या काळी ब्रिटिश बनावटीची द्विपंखी जिप्सी मॉथ विमाने फ्लाइंग क्लबांमध्ये लोकप्रिय होती. दिल्लीत जन्मलेल्या सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, याच जातीच्या विमानातून उड्डाण केले. साडी नेसून विमान चालविणाऱ्या या पहिल्या पिढीतील भारतीय महिला वैमानिक होत. जे. आर. डी. टाटा यांनीही १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते पस मॉथ या लहान विमानातूनच.

१९६२ पर्यंत सफदरजंग हे दिल्लीचे प्रमुख नागरी विमानतळ होते. त्यानंतर प्रवासी वाहतूक पालमकडे गेली आणि सफदरजंगवर प्रामुख्याने लहान विमाने व ग्लायडर राहिले. अमेरिकेवरील २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर सुरक्षेच्या कारणास्तव येथील प्रशिक्षण उड्डाणे थांबविण्यात आली. पंतप्रधान निवास आणि संसद भवन जवळच असल्याने या निर्णयामागील कारण समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे राजधानीच्या मध्यभागी लहान विमानांसाठी असलेली जागा संपली. कर्नाल, भिवानी आणि नारनौलजवळील बाछोद यांसारख्या हरियाणातील धावपट्ट्यांचे महत्त्व त्यामुळे वाढले.

लोकप्रियतेची कारणे

१९३८ ते १९४७ या काळात अमेरिकेत सुमारे २० हजार पायपर कब विमाने तयार झाली. १९५५ मध्ये प्रथम उड्डाण केलेल्या सेस्ना १७२ या चार आसनी विमानाची संख्या ४० हजारांहून अधिक असून, जगात सर्वाधिक निर्मिती झालेले विमान म्हणून ते ओळखले जाते. दोन्ही विमानांचे पंख वरच्या बाजूस असल्याने खालची जमीन स्पष्ट दिसते. कमी वेगातही ही विमाने स्थिर राहतात आणि त्यांना छोटी धावपट्टी पुरते. शिकाऊ वैमानिकाची लहानसहान चूक ती सामावून घेतात. भारतात खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे, तर व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यामुळे विमानाचा तासाचा खर्च कमी असणे ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मोठी बाब ठरते.

स्वदेशी प्रयत्नांचा आरंभही येथूनच झाला. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टने तयार केलेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाचे पहिले उड्डाण १९५१ मध्ये झाले. १९५८ मध्ये आलेले दोन आसनी पुष्पक देशभरातील फ्लाइंग क्लबांमध्ये रुळले. पुढे राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या हंसा-३ ने ११ मे १९९८ रोजी उड्डाण केले. पोखरण अणुचाचणीसोबत हे यशही राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनाशी जोडले गेले आहे. सुधारित हंसा-एनजीचे पहिले उड्डाण ३ सप्टेंबर २०२१ रोजी बंगळुरू येथे झाले.

पाण्यावरील उड्डाणाचे तंत्र

पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे तीन प्रकार मानले जातात. ज्यांचा मुख्य भागच नौकेसारखा असतो त्या उडत्या नौका. चाकांऐवजी फ्लोट बसविलेली विमाने. आणि आत घेता येणारी चाके असलेली उभयचर विमाने. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या नौका कराचीहून कोलकात्याकडे जाताना राजसमंद तलाव आणि ग्वाल्हेर येथे थांबत असत.

नौकेच्या किंवा फ्लोटच्या तळाला एक पायरी असते. वेग वाढताच तेथून हवा आत शिरते, पाण्याची पकड सुटते आणि विमान पृष्ठभागावरून घसरत उड्डाणाचा वेग गाठते. फ्लोटच्या वजनामुळे प्रवासी व मालवहनाची क्षमता घटते. खाऱ्या पाण्याने धातू गंजतो. पाणी आरशासारखे शांत असल्यास वैमानिकाला उंचीचा अंदाज येत नाही. पाण्यावर उतरताना चाके चुकून बाहेर राहिली, तर विमान उलटू शकते. या मर्यादांमुळे असे उड्डाण हे स्वतंत्र प्रशिक्षणाचे क्षेत्र ठरते.

भारतातील अनुभव आणि यमुना

डिसेंबर २०१० मध्ये अंदमानसाठी ‘जल हंस’ ही सेवा सेस्ना कॅराव्हॅन उभयचर विमानाने सुरू झाली. ती टिकली नाही. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमती ते केवडिया ही सेवा ट्विन ऑटर विमानाने सुरू झाली. देखभालीसाठी हे विमान मालदीवला न्यावे लागत असे. एप्रिल २०२१ मध्ये ही सेवाही थांबली.

जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय बंदरे मंत्रालयाने मांडलेल्या योजनेत दिल्लीचा यमुनाकाठ हे केंद्र धरून अयोध्या, टिहरी, चंडीगड आदी मार्ग सुचविण्यात आले होते. महाराष्ट्रातून शिर्डी, लोणावळा, गणपतीपुळे तसेच नागपूरजवळील खिंडसी आणि चंद्रपूरजवळील इरई ही धरणे त्यात होती. टिहरीचा विस्तीर्ण जलाशय आणि वझिराबाद ते ओखला ही दिल्लीतील सुमारे २२ किलोमीटरची यमुना यांत मात्र मोठा फरक आहे. हथनीकुंड येथे बहुतांश पाणी कालव्यांत वळविले जात असल्याने उन्हाळ्यात दिल्लीतील नदीचा प्रवाह क्षीण होतो. त्यात पूल, जलपर्णी, सांडपाण्याचा फेस, ओखला परिसरातील पक्षी आणि राजधानीवरील नियंत्रित हवाई क्षेत्र यांची भर पडते. म्हणजेच स्वच्छ व वाहती यमुना ही केवळ पर्यावरणाची गरज राहत नाही. अशा वाहतुकीची ती पूर्वअटही ठरते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने सी-प्लेन संचालनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विजयवाडा ते श्रीशैलम असे प्रात्यक्षिक उड्डाण झाले. नियमांची चौकट अशा रीतीने आकार घेत आहे. आता देशांतर्गत देखभाल सुविधा, प्रशिक्षित वैमानिक, जलाशयांची निवड आणि लहान धावपट्ट्यांचे जतन या चार बाबींकडे एकत्रितपणे पाहणे आवश्यक आहे. सफदरजंगने गमावलेली जागा राजधानीभोवतीच्या छोट्या धावपट्ट्यांवर भरून काढता येईल. परंतु त्याही नागरीकरणाच्या रेट्यात गेल्या, तर वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या सामान्य कुटुंबातील विद्यार्थ्यांना पहिल्या उड्डाणासाठी अधिक दूर जावे लागेल आणि अधिक खर्च सोसावा लागेल.