दुरुस्तीच्या टेबलापासून विभागप्रमुखाच्या खुर्चीपर्यंत : जेरी लॉसन यांची वाटचाल

व्हिडिओ गेम हा शब्द ऐकला की बहुतेक पालकांच्या कपाळाला आठी पडते. मुलाचा अभ्यास बुडविणारी वस्तू एवढीच तिची ओळख आपल्या घरात असते. परंतु जी वस्तू मुलांना तासन्‌तास खिळवून ठेवते, ती कोणीतरी तयार केलेली असते. तिच्यामागे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते, प्रोग्राम लिहिणारे, चित्रे काढणारे, कारखाना सांभाळणारे आणि माल विकणारे असे अनेक लोक असतात. या सर्वांना एकत्र बांधून काम पूर्णत्वास नेणारा जो अधिकारी असतो, तो त्या पदापर्यंत पोहोचतो तरी कसा? हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण डॉक्टर, इंजिनिअर, बँक आणि सरकारी नोकरी यांच्यापलीकडे असलेल्या वाटा पुष्कळदा आपल्या घरात कोणी सांगत नाही.

या प्रश्नाचे उत्तर एका प्रत्यक्ष चरित्रातून पाहू. जेराल्ड ऊर्फ जेरी लॉसन हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय अभियंते. प्रोग्राम साठविलेले कार्ट्रिज बदलून खेळता येईल असा घरगुती व्हिडिओ गेमचा पहिला संच १९७६ साली ज्या विभागाने बाजारात आणला, त्या विभागाचे ते प्रमुख होते.

घर आणि शाळा

लॉसन यांचा जन्म १ डिसेंबर १९४० रोजी न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात झाला. बालपण त्याच शहरातील क्वीन्स भागात, सरकारी वसाहतीत गेले. वडील बंदरात गोदी कामगार होते, पण त्यांना विज्ञानाची पुस्तके वाचण्याची आवड होती. आजोबा भौतिकशास्त्र शिकलेले होते. त्या काळात कृष्णवर्णीय माणसाला त्या शिक्षणाला साजेसे काम कोण देणार? त्यांना टपाल खात्यात नोकरी करावी लागली. विद्या होती, पण संधीचे दार बंद होते. नातवाच्या पिढीत हे दार थोडे किलकिले झाले, आणि त्याला कारण आईची जिद्द.

आई महानगरपालिकेत नोकरी करीत असे. मुलाला कोणत्या शाळेत घालावयाचे हे ती स्वतः चौकशी करून ठरवी, आणि शाळा पसंत नसेल तर दुसरी शोधी. ज्या शाळेत जवळजवळ सर्व मुले गोरी होती, तेथे तिने पालक-शिक्षक संघाचे अध्यक्षपदही सांभाळले. पहिलीच्या वर्गातील शिक्षिकेने जेरीच्या बाकाजवळ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चित्र लावले होते. गुलामीत जन्मलेला आणि पुढे थोर कृषिशास्त्रज्ञ झालेला हा माणूस वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ सालच्या पुस्तकामुळे मराठी वाचकांना घरचाच वाटतो. तेच चित्र न्यूयॉर्कमधील एका लहान मुलाच्या डोळ्यांसमोर रोज होते. 'तूही असा होऊ शकतोस' हा त्यातील संदेश आपल्याला पुढे नेत राहिला, असे लॉसन यांनी मोठेपणी सांगितले आहे.

हाताला लागलेले वळण

तेराव्या वर्षी लॉसन यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओ प्रक्षेपणाचा परवाना मिळविला आणि आपल्या खोलीतच छोटे केंद्र उभारले. साहित्यासाठी लागणारे पैसे ते स्वतः मिळवीत. पुढे तरुणपणी ते घरोघरी जाऊन दूरदर्शन संच दुरुस्त करू लागले. क्वीन्स कॉलेज आणि सिटी कॉलेज या दोन्ही ठिकाणी ते काही काळ शिकले, परंतु पदवी मात्र त्यांनी घेतली नाही.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. पदवीची गरज नाही, असा या गोष्टीचा अर्थ नव्हे. पदवी नसताना विश्वास संपादन करण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे हातातील काम दाखवावे लागले, आणि तेही इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग झपाट्याने वाढत असण्याच्या काळात. आज तशाच जागेसाठी पदवी हे पहिले दार असते. लॉसन यांच्याकडून घ्यावयाचा धडा वेगळा आहे. पुस्तकातील ज्ञानाला हाताच्या कामाची जोड त्यांनी शाळेच्या वयातच दिली. घरगुती व्हिडिओ गेम म्हणजे तरी काय? दूरदर्शन संचाला बाहेरून संकेत देणारे यंत्र. ज्याने शेकडो संच उघडून पाहिले आहेत, त्याला या यंत्राचे मर्म इतरांपेक्षा लवकर कळणार, हे उघड आहे.

ग्राहकाची ओळख

विविध इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांत काम केल्यानंतर १९७० साली लॉसन कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या कंपनीत आले. ही कंपनी इलेक्ट्रॉनिक चिप बनवीत असे. लॉसन यांचे काम प्रयोगशाळेत बसण्याचे नव्हते. ग्राहक कंपन्यांच्या अभियंत्यांना भेटून, त्यांच्या उत्पादनात आपली चिप कशी वापरता येईल हे समजावून सांगणे, हे त्यांचे काम. त्यासाठी एका मोठ्या गाडीतच प्रात्यक्षिकांची साधने मांडून ती ग्राहकांच्या दारात नेण्याची कल्पना त्यांनी अमलात आणली.

या पायरीचे महत्त्व मोठे आहे. निष्णात कारागीर पुष्कळ असतात. पण समोरच्याची अडचण ऐकून घेणारा आणि ती आपल्या विद्येच्या भाषेत मांडणारा माणूस दुर्मीळ असतो. कारागिराचा अधिकारी होतो तो बहुधा या ठिकाणी.

दरम्यान मायक्रोप्रोसेसर नावाची नवी चिप आली होती. लॉसन यांनी आपल्या गॅरेजमध्ये फेअरचाइल्डचाच एफ-८ हा मायक्रोप्रोसेसर वापरून 'डिमॉलिशन डर्बी' नावाचा, नाणे टाकून खेळावयाचा गेम तयार केला. हे काम कोणी सांगितलेले नव्हते. कंपनीला त्याचा पत्ता लागला, आणि हेच काम आमच्यासाठी करा, असे सांगण्यात आले. पुढे त्यांच्याकडे कंपनीच्या व्हिडिओ गेम विभागाची अभियांत्रिकी आणि विक्रीव्यवस्था अशी दुहेरी जबाबदारी आली.

अधिकारी नेमके काय करतो?

त्या काळचे बहुतेक घरगुती गेम यंत्रातच कायमचे बसविलेले असत. चेंडू आणि फळी यांचा खेळ खेळून कंटाळा आला, की यंत्र कपाटात जाई. यावर उपाय म्हणजे खेळाचा प्रोग्राम वेगळ्या डबीत साठवावा आणि ती डबी यंत्रात बसवावी. डबी बदलली की खेळ बदलला. हेच कार्ट्रिज.

ही मूळ कल्पना लॉसन यांची नव्हती, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अल्पेक्स नावाच्या छोट्या कंपनीतील वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांनी तिचा प्राथमिक नमुना तयार केला होता आणि फेअरचाइल्डने तिचे हक्क घेतले. यंत्राचे बाह्यरूप निक टॅल्सफोर यांनी आखले, तर कार्ट्रिजच्या यांत्रिक रचनेत रॉन स्मिथ यांचा वाटा होता. मग लॉसन यांनी काय केले? प्रयोगशाळेतील नमुना घरातील मुलांच्या हातात टिकेल अशी वस्तू बनविण्याचे काम त्यांनी पुढे राहून तडीस नेले.

हे काम सोपे नव्हते. लहान मूल कार्ट्रिज शेकडो वेळा काढणार आणि घालणार. त्यात अंगावरील स्थिर विजेने चिप जळता कामा नये. शिवाय अशा यंत्रातून निघणाऱ्या रेडिओ लहरींनी शेजाऱ्याच्या दूरदर्शनवर मुंग्या येता कामा नयेत, असा अमेरिकेतील संपर्क आयोगाचा कडक नियम होता. त्यासाठी यंत्राच्या आतील भागाला अॅल्युमिनियमचे आवरण द्यावे लागले. प्रत्येक नवे कार्ट्रिजसुद्धा आयोगाला दाखवावे लागे. कल्पना, कायदा, कारखाना आणि किंमत या चौघांचा मेळ घालणे, हेच अशा अधिकाऱ्याचे खरे काम होय.

नोव्हेंबर १९७६ मध्ये हा संच बाजारात आला. त्याची किंमत १६९.९५ डॉलर होती. पुढे तो 'चॅनेल एफ' या नावाने ओळखला गेला. खेळ मध्येच थांबवून ठेवण्याची सोय त्यात होती. मोठी गोष्ट अशी, की यंत्र एकदा आणि खेळ पुनःपुन्हा विकण्याचा नवा व्यवहार येथून रूढ झाला. यातूनच पुढे फक्त खेळ तयार करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या निर्माण झाल्या.

यश, अपयश आणि विस्मरण

१९७७ साली अटारी कंपनीचा संच आला आणि लोकप्रिय खेळांच्या जोरावर पुढे निघून गेला. चॅनेल एफचे संच त्या तुलनेत कमी विकले गेले. १९७९ मध्ये फेअरचाइल्डने हा व्यवसाय दुसऱ्या कंपनीला विकला. १९८० साली लॉसन यांनी नोकरी सोडून 'व्हिडिओसॉफ्ट' ही स्वतःची कंपनी काढली. कृष्णवर्णीय व्यक्तीच्या मालकीची ती बहुधा पहिलीच व्हिडिओ गेम कंपनी होती, असे मानले जाते. १९८३ मध्ये अमेरिकेतील या उद्योगावर मोठी मंदी आली, आणि काही वर्षांतच ही कंपनीही बंद झाली. लॉसन नंतर सल्लागार म्हणून काम करीत राहिले.

वर्णाचा प्रश्न त्यांच्या वाटेत नव्हता असे नाही. फोनवर बोलणे झालेली माणसे प्रत्यक्ष भेटीत त्यांना पाहून थक्क होत, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले आहे. संगणकाच्या छंदिष्टांच्या प्रसिद्ध 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'मध्ये तर ते धरून दोनच कृष्णवर्णीय सभासद होते. तरुणांनी आधी या क्षेत्राचा विचार तरी करावा, आणि मित्रांची साथ मिळेल याची वाट न पाहता गर्दीतून बाहेर पडून आपले काम करावे, असे त्यांचे सांगणे होते.

त्यांचे नाव मात्र जवळजवळ तीस वर्षे मागे पडले. मार्च २०११ मध्ये गेम निर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांचा गौरव केला. मधुमेहाने तोपर्यंत त्यांचा एक पाय आणि एका डोळ्याची दृष्टी नेली होती. त्यानंतर महिन्याभरातच, ९ एप्रिल २०११ रोजी, त्यांचे निधन झाले. २०२१ मध्ये साउथर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांच्या नावाने एक निधी सुरू झाला. गेम निर्मिती आणि संगणकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीय व अमेरिकेतील मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी तो आहे. आजोबांपुढे जे दार बंद झाले होते, ते नातवाच्या नावाने इतरांसाठी उघडले.

आपण काय घ्यावे?

विद्यार्थी मित्रहो, लॉसन यांच्या वाटचालीतील पायऱ्या नीट पाहा. प्रथम हाताचे कसब, मग ग्राहकाची ओळख, मग कोणी न सांगता स्वतःहून केलेले एक काम, आणि त्यानंतर पद. पद सर्वांत शेवटी आले. खेळ खेळणे आणि खेळ तयार करणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर गणित, विज्ञान व चिकाटी यांनीच तोडावे लागते.

पालकांनी आणि संस्थेच्या सभासदांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. या मुलाच्या मागे शाळा पारखून घेणारी आई होती आणि बाकाजवळ एक चित्र लावणारी शिक्षिका होती. दोघींनी खर्च केला तो वेळ आणि विश्वास. आपल्या वस्तीतील एखादे मूल जुना रेडिओ उघडून बसले असेल, तर रागावण्यापूर्वी त्याच्या हातात एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर आणि एक चांगले पुस्तक द्यावे. पुढची वाट त्याला त्यातून सापडण्याची शक्यता आहे.