गळास लागलेल्या माशाची सुटका

मोठ्या खटाटोपानें मासा पकडावयाचा आणि लागलीच पुनः पाण्यांत सोडून द्यावयाचा, हें ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांस हंसूं येईल. कालवण करावयाचें नव्हतें तर गळ टाकला कशाला, असें आपल्याकडील लोक विचारतील. परंतु अमेरिकेंत बास नांवाच्या माशाच्या बाबतींत ही चाल आज सर्वत्र रूढ आहे. आणि ती नीट पाळण्यास दयेइतकेंच ज्ञानहि लागतें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

मोठ्या तोंडाचा बास हा उत्तर अमेरिकेंतील तळीं व संथ नद्या यांत राहणारा मासा होय. पूर्वी लोक तो पकडीत व खात. १९३२ सालच्या २ जून रोजीं जॉर्जिया संस्थानांत जॉर्ज पेरी या तरुणास २२ पौंड ४ औंस वजनाचा बास सांपडला. त्याहून स्पष्टपणें मोठा बास आजवर नोंदला गेलेला नाहीं; तरी पेरीच्या घरीं तो शिजवून खाल्ला गेला! ते दिवस मंदीचे होते. त्यांत वावगें कांहींच नव्हतें. पुढें केवळ हौसेनें गळ टाकणारांची संख्या अतोनात वाढली व तळीं ओस पडतील अशी भीति वाटूं लागली. तेव्हां १९७२ सालीं रे स्कॉट या गृहस्थानें आपल्या संघाच्या सामन्यांत मासे जिवंत ठेवून परत सोडण्याचा प्रघात पाडला.

परंतु सोडलेला प्रत्येक मासा वांचतोच असें नाहीं. पोहत दूर गेलेला मासाहि पुढें मरूं शकतो. याचीं कारणें पाहूं.

माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो त्याचें चिलखत होय. रोगजंतूंस तोच अडवितो. कोरड्या हातानें किंवा फडक्यानें धरल्यास हा थर निघून जातो. म्हणून प्रथम हात ओले करावे. दुसरें, पाण्याबाहेर माशाच्या कल्ल्यांतील नाजूक पाकळ्या एकमेकींस चिकटतात व त्याचा श्वास कोंडतो. सबब गळ होतां होईल तों पाण्यांतच काढावा. गळाचा उलटा कांटा आधींच दाबून सपाट केलेला असल्यास तो चटकन् सुटतो. गळ खोल गिळला गेला असेल, तर ओढाताण करण्यापेक्षां दोरी जवळून कापणें बहुधा श्रेयस्कर. तिसरें, जड मासा नुसत्या खालच्या जबड्यास धरून आडवा उचलल्यास सारा भार जबड्यावर येऊन त्यास इजा होते. दुसरा हात पोटाखालीं द्यावाच. उन्हाळ्यांत तर अधिकच त्वरा करावी; कारण पाणी जसें तापतें तसा त्यांतील प्राणवायु कमी होतो, आणि झुंजून थकलेल्या माशास तर तो अधिक हवा असतो. सोडतांना त्यास फेंकूं नये. पाण्यांत सरळ धरावें, आणि त्यानें स्वतः शेपूट हलविली कीं हात काढून घ्यावा.

वसंत ऋतूंत याहूनहि मोठी जबाबदारी येते. नर बास उथळ पाण्यांत शेपटीनें तळ झाडून घरटें करितो. मादी अंडीं घालून निघून जाते. मागें बापच पहारा करितो, परांनीं पाणी हलवून अंड्यांस वारा घालितो, आणि या काळांत स्वतः फारसें खात नाहीं. जवळ आलेल्या कोणत्याहि वस्तूवर तो धांवून जातो; तेवढ्यानेंच तो गळास लागतो. तो वर ओढला गेला कीं टपून बसलेले ब्लूगिल मासे कांहीं मिनिटांत अंडीं खाऊं लागतात. बाप फार वेळ अडकून राहिला, तर परत आल्यावर पुष्कळदां तो घरटेंच सोडून देतो. येथें एकाच्या सुटकेंतील विलंब हजारोंचा नाश करितो.

मात्र सोडणें हें सर्वत्र पुण्यच, असेंहि नाहीं. १९२५ सालीं हा मासा जपानांत आशी सरोवरांत आणून सोडला. पुढें तो देशभर पसरला व बिवा सरोवरांतील मूळचे लहान मासे फस्त करूं लागला. म्हणून २००३ सालापासून त्या सरोवरांत पकडलेला बास परत सोडण्यास बंदी आहे. एकच कृति, एके ठिकाणीं ती रक्षण ठरते, दुसरीकडे घात.

ज्यास खावयाचें नाहीं त्यास मुळांत पकडावेंच कां, असा प्रश्न विचारी वाचक करील. तो रास्त आहे, व त्याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं द्यावें. परंतु एवढें खरें कीं, परमेश्वराच्या सृष्टींतील एखादा मुका जीव आपल्या हातीं आला, म्हणजे त्याच्या जीविताचा भार आपणावर येतो. विद्यार्थिमित्रहो, नुसतें मन कोमल असून भागत नाहीं. हातहि ओला असावा लागतो.