झाडाचे नाव कोठे शोधावे?

आपल्या ठाकुर्ली-डोंबिवलीच्या बाजारात ब्राह्मी मागितली, तर बहुधा गोलसर, दातेरी कडांची, लांब देठाची पाने हाती पडतात. वैद्यांच्या ग्रंथातली ब्राह्मी मात्र निराळी असू शकते. ती पाणथळ जागी पसरते. तिची पाने लहान, जाडसर, बिनदेठाची. आपण दोहींना ब्राह्मीच म्हणतो. पण एकीतील गुणद्रव्ये दुसरीत नाहीत. नावावर विसंबून औषध घेणारा येथेच फसतो. मग खरे नाव शोधावे कोठे?

पहिली पायरी घरचीच. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात वनस्पतीच्या नोंदीच्या आरंभीच संस्कृत, हिंदी, गुजराती नावांबरोबर लॅटिन नाव आणि कुल दिलेले असते. औषधींसाठी सरकारने प्रसिद्ध केलेला आयुर्वेदीय औषधकोश आहे. त्याने निकाल दिला आहे: ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी, गोल पानांची ती मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका.

पण नावच ठाऊक नसेल तर? तेव्हा प्रदेशाचा वनस्पतिग्रंथ उघडावा. मुंबई इलाख्याचा असा ग्रंथ थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. हे गृहस्थ मूळचे रेल्वेचे इंजिनियर. वसईचा लोखंडी पूल त्यांनी बांधला! पुढे भारतीय वनस्पति सर्वेक्षणाने महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड १९९६ पासून काढले. अशा ग्रंथांत पाने समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या जुळलेल्या की सुट्या, असे प्रश्न सोडवीत आपण कुल, वंश आणि जाती यांपर्यंत पोचतो.

येथे एक अडचण येते. शास्त्रीय नावेही बदलतात. मंडूकपर्णीला लिनीअसने १७५३ मध्ये हायड्रोकॉटिल म्हटले. उर्बनने १८७९ मध्ये तिला सेंटेला वंशात नेले. जलब्राह्मीचे तर कुलच बदलले. आता ती इसबगोलाच्या कुलात बसते. म्हणून जुन्या ग्रंथातील नाव आजच्या सूचीशी ताडून पाहावे. लंडनच्या क्यू उद्यानाने २०१७ साली इंटरनेटवर सुरू केलेली 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही सूची कोणासही विनामूल्य पाहता येते. जुने नाव घातले की ती मान्य नाव दाखविते.

तरीही अखेरचा पुरावा ग्रंथात नसतो. तो वाळविलेल्या नमुन्यात असतो. ठाकुर्लीहून धीम्या गाडीने मुंबईस उतरले, की धोबीतलावाजवळच्या सेंट झेवियर महाविद्यालयात ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. तेथील प्रत्येक कागदावर झाडाची डहाळी आणि ती कोठे, केव्हा, कोणी गोळा केली याची नोंद असते.

आपणही एवढे करू शकतो. येत्या पावसाळ्यात अनोळखी झाड दिसले, तर फुलासकट डहाळी वर्तमानपत्रात दाबून ठेवावी आणि शेजारी जागा व तारीख लिहावी. फूल हाती असेल तर ग्रंथ बोलतो. नुसत्या पानावर पुष्कळदा तो मुकाच राहतो. आणि नाव पक्के ठरेपर्यंत ते झाड तोंडात मात्र घालू नये.