बोले, बोलतो, बोलायलाय

पूर्णा–अकोला रेल्वेमार्गावर वसमतहून निघालेली गाडी हिंगोली ओलांडून वाशीमकडे वळते, तसे डब्यातले एक क्रियापद कात टाकत जाते. वसमतकडचा माणूस विचारतो, 'काय करायलास?' वाशीमकडचा म्हणतो, 'काय करून राहिला बे?' पलीकडच्या बाकावरच्या दखनी कुटुंबात तोच प्रश्न 'क्या कर रा?' असा येतो. तांड्यावरून आलेली मंडळी गोरबोलीत बोलत असतील तर 'छ' हे सहायक क्रियापद कानावर पडते. या सगळ्यांनी शाळेत जे रूप पाठ केले ते 'काय करत आहेस?' आणि डब्यात ते कोणीच उच्चारत नाही.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा तसा लहान. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ एवढे पाचच तालुके. पण उत्तरेला पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो, आणि पूर्वेला नांदेड, नैर्ऋत्येला परभणी. हळदीच्या बाजारात या सगळ्या बोली एकमेकींत मिसळतात. क्रियापदाची रूपे कशी झिजतात आणि नवी कशी घडतात हे पाहायचे, तर पुण्यापेक्षा ही जागा बरी. पुण्यात घडण लपून जाते; तिथले रूप छापून येते आणि छापून आले की ते आधीपासूनच तसे होते असे वाटू लागते.

क्रियापदाचे रूपचक्र म्हटले की युरोपीय भाषा शिकणाऱ्यांना आधी धडकी भरते. इटालियनचेच घ्या. 'पार्लारे' म्हणजे बोलणे, अगदी सरळमार्गी, नियमित क्रियापद. वर्तमानकाळात पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो अशी सहा रूपे. स्वार्थाचे साधे काळ चार, संकेतार्थासारख्या 'कोंज्युन्तीवो'चे साधे काळ दोन, 'कोंदिझ्योनाले'चा एक. म्हणजे साधी रूपेच बेचाळीस. जोडकाळ आणि आज्ञार्थ वेगळे. विद्यार्थी तक्ता भिंतीला चिकटवतात. आपल्या मुलांना मात्र कोणी 'बोल' धातूचा पूर्ण तक्ता दिलेला नसतो, म्हणून मराठी सोपी वाटते. तो मांडून बघावा. पारंपरिक व्याकरणाने प्रत्ययांवरून आठ आख्याते मोजली आहेत: प्रथम ताख्यात, द्वितीय ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ई-आख्यात, ऊ-आख्यात, ईलाख्यात, चाख्यात. त्यांत पुरुष, वचन आणि बहुतेक ठिकाणी लिंग मिसळा. इटालियन 'पार्ला' तो आणि ती दोघांना चालते. आपल्याला 'बोलतो', 'बोलते' निवडावेच लागते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हिंगोलीची पोरे ही आठ नावे घडाघडा म्हणतात. अभ्यासिकेतून बाहेर पडल्यावर ती जे बोलतात, त्याला या यादीत नाव नाही.

आता या यादीतल्या ई-आख्याताकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. 'तो बोले', 'तो जाई', 'ते करीत'. शाळेत याला रीतिभूतकाळ म्हणतात: राजा रोज शिकारीला जाई. पण तेराव्या शतकात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आणि महानुभावांच्या गद्याच्या काळात, हाच चालू वर्तमानकाळ होता. संस्कृतातल्या वर्तमानकाळाची रूपे प्राकृतातून झिजत झिजत इथवर आली होती. हिंगोलीजवळचे नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि 1270 साली जन्मलेल्या या माणसाच्या कानावर कयाधूकाठी जे 'बोले', 'करी' पडत असेल त्याचा अर्थ 'आता बोलतो', 'आता करतो' असाच. नामदेवांचे अभंग पिढ्यान्‌पिढ्या गाण्यातून वाहत आले, गाणाऱ्यांच्या तोंडी रूपे घासली गेली, तेव्हा त्यांच्या गाथेवरून काळाचे हिशेब मांडताना हात जरा आखडता घ्यावा लागतो. तरी म्हणींनी हा जुना वर्तमान जपला आहे. 'खाई त्याला खवखवे' यात कोणी पूर्वी खात असे असा अर्थ नाही. खातो त्यालाच खवखवते. एवढ्याशा म्हणीत सकर्मकांचा 'ई' आणि अकर्मकांचा 'ए' हे दोन्ही गण हजर आहेत, हे व्याकरणवाल्यांना बक्षीसच.

मग 'बोले' जागचा हलला कसा? वर्तमानकाळाच्या रूपावर फार ओझे पडते. 'आता चाललेले' सांगता सांगता ते 'नेहमी होणारे' सांगू लागते, मग सूर्य पूर्वेला उगवतो अशी सत्येही त्याच्याच गळ्यात पडतात. समोर या क्षणी जे घडते आहे ते वेगळे सांगायला बोलणाऱ्याला नवे रूप लागते. मराठीने 'त' लागलेले धातुसाधित घेतले आणि त्याला पुरुषाचे प्रत्यय जोडले: बोलतो, बोलतोस, बोलते. धातुसाधित मुळात विशेषणासारखे, म्हणून त्याच्यासोबत लिंग आले. जुन्या 'बोले'ला स्त्री-पुरुष असा भेद ठाऊकच नव्हता. 'बोलतो' स्थिरावला तसा 'बोले' मागे सरकून भूतकाळातल्या सवयीच्या कामाला लागला. तिथेही त्याला स्वस्थता नाही. आज कोण 'आजोबा पहाटे उठत' म्हणते? 'आजोबा पहाटे उठायचे' म्हणतात, म्हणजे चाख्याताने तीही नोकरी घेतली.

पुढे 'बोलतो'वरही तीच वेळ आली. 'मी मराठी बोलतो' हे सवयीचे झाले, तेव्हा या घडीचे बोलणे दाखवायला पुन्हा जोड लागली. मुंबई-पुण्याने 'बोलतो' आणि 'आहे' सांधून 'बोलतोय' केले. विदर्भाने 'बोलून राहिला' केले. मराठवाड्याने 'बोलायला' आणि 'आहे' सांधल्यासारखे 'बोलायलाय' केले: मी बोलायलोय, तू बोलायलास, ती बोलायलीय, ते बोलायलेत, आणि कालच्या गोष्टीसाठी 'बोलायलता'. पूर्ण, नियमित, कोणत्याही धातूला लागणारे रूपचक्र आहे हे. 'बोलतोय' शिष्ट आणि 'बोलायलाय' गावंढळ असे ज्यांना वाटते त्यांनी एवढेच बघावे, की दोन्ही एकाच गरजेतून निघालेली भावंडे आहेत. एकाला शहर मिळाले, इतकाच फरक.

इटलीतही हेच झाले. 'पार्लो' अपुरे पडू लागले, तेव्हा 'स्तो पार्लांदो' आले. यातले 'स्तारे' म्हणजे उभे असणे, राहणे. ते आणि आपले 'स्था' एकाच मुळाचे. रोमचा माणूस 'स्तो पार्लांदो' म्हणतो आणि विदर्भातल्या रिसोडचा 'बोलून राहिलो', तेव्हा दोघांनी एकमेकांना न विचारता तीच युक्ती केलेली असते.

भविष्यकाळाची घडणही अशीच उसनवारीची. लॅटिनचे जुने भविष्य मोडले आणि लोकांनी 'बोलणे' या रूपाला 'माझ्यापाशी आहे' या अर्थाचे क्रियापद जोडून 'पार्लेरो' बनवले. मराठीने जुन्याच वर्तमानाला 'ल' लावला: करी–करील, उठे–उठेल. इथे सकर्मकांचा 'ई' आणि अकर्मकांचा 'ए' असा गणभेद होता. आज 'करेल', 'मारेल' सर्रास ऐकू येते आणि प्रूफवाचक ते 'करील', 'मारील' करत बसतात. ही लढाई ते हरले आहेत, असे माझे मत. वऱ्हाडाने तर 'तो येईन' म्हणून पुरुषाचाही भेद काढून टाकला.

भूतकाळात मात्र इटालियन आणि मराठी खरोखरच नात्यातल्या निघतात. 'आंदातो'मधला 'त' आणि संस्कृत 'गत'मधला 'त' एकच. प्राकृताने त्यावर आणखी एक 'ल'कारी प्रत्यय चढवला आणि आपला 'गेला' झाला. दोन्हीकडे 'गेला', 'गेली' असा लिंगभेद भूतकाळात होतो, तो याचमुळे. 'मी पोळी खाल्ली' यात क्रियापद पोळीकडे बघते. इटालियनमध्येही 'ती मी खाल्ली' म्हणताना धातुसाधित पोळीप्रमाणे स्त्रीलिंगी होते. परदेशात मराठी शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वापरून बघावे.

हे सगळे पुस्तकात कसे आले? आधी परक्यांनी आपले क्रियापद त्यांच्या साच्यात ओतले. फादर स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण 1640 साली रायतूरला छापले गेले, ते लॅटिनच्या चौकटीत. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805चे, श्रीरामपूरचे, म्हणजे बंगालातले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 1836चे. मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ 1911चा. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने रूपांचा इतिहास शोधला. यातल्या कोणाच्याही टेबलावर हिंगोली नव्हती. ती निजामाच्या राज्यात होती. सरकारी कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत. 1948 साली ते राज्य संपल्यानंतर, आणि पुढे महाराष्ट्रात आल्यावर, पुण्याचा तक्ता इथल्या वर्गांत ठाम बसला. तोवर इथल्या बोलीने आपला वर्तमानकाळ स्वतःच्या सोयीने उभा केला होता. इटलीत मान्झोनी यांनी 1827ची आपली कादंबरी फ्लोरेन्सच्या बोलीत घोळून 1840 साली पुन्हा छापायला घेतली आणि एका शहराची भाषा देशाची झाली. तरी सिसिलीतला माणूस साधा भूतकाळ आजही बोलण्यात वापरतो आणि मिलानचा तो फक्त पुस्तकात वाचतो.

आज्ञार्थ-विध्यर्थाविषयी थोडक्यात. अदबीने बोलायचे तर इटालियन आज्ञार्थ सोडून कोंज्युन्तीवोतले 'पार्ली' वापरते. आपण 'बोल' सोडून 'आपण बोलावे' या विध्यर्थाकडे जातो. निमंत्रणपत्रिका या वाख्यातावरच जगतात. हिंगोलीत प्रत्यक्ष दारात उभे राहून कोणी 'बसावे' म्हणत नाही, 'बसा की' म्हणतात, आणि त्या 'की'मध्ये आग्रह पुरेपूर असतो.

जुनी रूपे पुरती मरत नाहीत, कोपऱ्यात राहतात. 'बोलिजे', 'करिजे' हा जुना कर्मणी प्रयोग सगळा गेला. 'पाहिजे' आणि 'म्हणजे' तेवढे उरले, आणि त्यांच्यावाचून आपले एक वाक्य सरकत नाही. 'बोले'चा कोपरा नकारात आहे. इटालियनमध्ये बहुतेक रूपांआधी 'नोन' ठेवले की काम भागते. मराठीत नाही, नव्हता, नको, नये, नव्हे अशी वेगळीच बिऱ्हाडे, आणि शिवाय ई-आख्याताला 'ना' लावून केलेले 'बोलेना', 'येईना'. मराठवाड्यात त्याचे 'बोलंना' होते. मोटार चालू 'होईना', वीज 'येईना', पोरगं 'ऐकंना': सगळे या घडीचे, समोर घडत असलेले. म्हणजे वसमतच्या बाजारात होकार द्यायचा तर 'बोलायलाय' हे सर्वांत नवे रूप, आणि नकार द्यायचा तर सातशे वर्षांपूर्वीचा वर्तमानकाळ, त्याच्या मूळ अर्थासह.