दारू सोडूं इच्छिणाऱ्यानें सोबत कोठें शोधावी?

शेतीच्या जमाखर्चाच्या वहींत बीं, खत, पाणीपट्टी व मजुरी यांचीं कलमें असतात. दारूचें कलम मात्र क्वचितच आढळतें. तथापि उसाचें बिल किंवा कापसाचे पैसे हातीं आल्यावर त्यांतील किती भाग कोठें जातो, हें घरच्या माणसांस पक्कें ठाऊक असतें. दारूच्या दुष्परिणामांवर उपदेश पुष्कळ झाला आहे. ज्यास दारू सोडावयाची आहे, परंतु एकट्यानें तें साधत नाहीं, त्यानें आपल्यासारख्यांची सभा कशी शोधावी, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

गळ्यांत माळ घालून किंवा देवापुढें शपथ वाहून दारू सोडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, व कित्येकांचा नेम जन्मभर टिकतो. परंतु ज्यांस दारू जडली आहे त्यांची गोष्ट निराळी. पहिला पेला घेतल्यावर थांबणें त्यांच्या स्वाधीन राहत नाहीं. वैद्यकशास्त्र ह्या अवस्थेस रोगच मानतें. हरळी वरवर खुरपली तर पुन्हां फुटते. तद्वत् महिना-दोन महिने दारू बंद राहिली म्हणून मूळ निघालें असें समजूं नये. सुगी संपून हातांत पैसा आला, किंवा गारपिटीनें उभें पीक गेलें, कीं दोन्ही वेळीं जुनी वाट आठवते. त्या घडीस बोलावयास माणूस हवें, आणि तें स्वतः त्या वाटेनें जाऊन परत आलेलें हवें.

हें तत्त्व ध्यानीं घेऊन निघालेली संघटना अमेरिकेंतील होय. १९३५ सालीं बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरदलाल ओहायो प्रांतांतील ॲक्रन शहरीं व्यवहारांत अपयश येऊन एकटा पडला असतां त्यास पुन्हां पिण्याची ऊर्मि आली. तेव्हां त्यानें बोलावयास दुसऱ्या एका मद्यपीचा शोध केला, व त्याची गांठ डॉ. बॉब स्मिथ ह्या शस्त्रवैद्याशीं पडली. ह्या भेटींतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना जन्मली. मुंबईंत तिचें कार्य १९५७ सालीं सुरू झालें. २०२० सालीं कोक्रेन संस्थेनें २७ अभ्यासांचा एकत्र विचार केला. ह्या संघटनेकडे पद्धतशीरपणें वळविलेल्या रोग्यांत दारूपासून सतत दूर राहणाऱ्यांचें प्रमाण इतर कांहीं प्रस्थापित उपचारांपेक्षां अधिक असतें, असा निष्कर्ष त्यांतून निघाला.

सभेचें स्वरूप साधें असतें. एखाद्या खोलींत तास-दीड तास मंडळी बसतात व एकेकजण आपली हकीकत सांगतो. फी नसते, खर्चापुरतें सभासद आपखुशीनें देतात. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. नवख्यानें नुसतें ऐकून परत आलें तरी चालतें. कोण आला व काय बोलला हें बाहेर सांगावयाचें नाहीं, हा तेथील दंडक आहे. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो. तो ज्यानें त्यानें आपल्या समजुतीप्रमाणें घ्यावा. जन्मभराची शपथ कोणी मागत नाहीं. आजचा दिवस प्यावयाचें नाहीं, इतकेंच.

सभा शोधण्यासाठीं जिल्हा रुग्णालयांतील मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या व्यसनमुक्ति केंद्रांत विचारावें. केंद्र सरकारच्या १४४४६ ह्या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास केंद्राची माहिती मिळते. संघटनाही आपल्या गटांचे पत्ते प्रसिद्ध करिते. वार व वेळ कोणती, बोलणें मराठींत चालतें काय, आणि सभा सर्वांस खुली आहे कीं केवळ मद्यपींपुरती आहे, हें आधीं विचारून घ्यावें. गांवांत सर्वजण ओळखीचे असल्यानें संकोच वाटतो. त्यानें बाजाराच्या दिवशीं तालुक्याची किंवा शेजारच्या शहराची सभा धरावी. जाणें न जमेल तेव्हां मोबाइलवरील सभाही असतात. पहिल्या सभेंत मन रमलें नाहीं तर तीन-चार निरनिराळ्या सभा पाहाव्या, व एखाद्या जुन्या सभासदाचा दूरध्वनि क्रमांक घेऊन ठेवावा.

एक सावधगिरी अवश्य पाळावी. रोज पुष्कळ पिणाऱ्यानें दारू एकाएकीं तोडली असतां हात कांपतात व घाम सुटतो. कित्येकांस पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेततें. म्हणून अशानें प्रथम डॉक्टर गांठावा. सभा ही औषधाच्या जागीं नाहीं. औषधानंतरची ती सोबत आहे.

घरच्यांसाठींही ‘अल-अनॉन’ ही निराळी संघटना १९५१ पासून आहे. नवरा सभेस येवो अथवा न येवो, बायकोस तेथें जातां येतें.

आपल्या सोसायट्यांसही येथें कांहीं करतां येईल. गांवांत गट निघत असेल तर आठवड्यांतून एक संध्याकाळ खोली द्यावी. भाडें थोडें कां होईना, घ्यावें. कारण गटानें स्वतःच्या पैशावरच चालावें असा त्यांचा नियम आहे. उद्घाटन, भाषण व छायाचित्र हीं मात्र टाळावीं, आणि कोण आला हें पाहण्यास कोणीं दारांत उभें राहूं नये. येणाऱ्यास अंधारांत यावेंसें वाटलें तर त्याची वाट मोकळी असावी, इतकी काळजी घेतली तरी पुरे.