विश्वासाचा अग्रणी व पूर्णकर्ता

संकटात विश्वास खचू लागला म्हणजे तो केवळ आपल्याच बळावर टिकवावयाचा आहे, असे आपणांस वाटते. इब्री लोकांस लिहिलेले पत्र निराळे शिकविते. त्याच्या 12 व्या अध्यायात ख्रिस्ती जीवनास शर्यतीची उपमा दिली असून, येशूस लाविलेल्या ‘अर्खेगॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वाट पाडीत पुढे जाणारा असा होतो. मागील अध्यायातील अब्राहाम, मोशे आदिकरून भक्त विश्वासाने चालले. परंतु वचनाची पूर्ती न पाहताच मरण पावले. प्रभु येशूने गेथशेमाने बागेत व वधस्तंभावर पित्यावरील भरवसा शेवटास नेला. म्हणून तो पूर्णकर्ताही होय. आपले पाऊल अडखळले, तर आपण त्याजकडे पाहावे. आरंभ करणाराच आपणांस शेवटपर्यंत नेईल.