बारा वर्षे मनात, चार महिने कागदावर

दिवाळीच्या आधी चार-आठ दिवस कोणत्याही जुन्या वाड्याच्या परसात किंवा नव्या इमारतीच्या मागल्या बाजूस सहज डोकावून पाहा. सात-आठ वर्षांची पोरे विटांचे तुकडे, जुनी पोती आणि चिखल घेऊन किल्ला बांधण्यात गढलेली दिसतील. नखांत माती, कपाळावर माती, आणि आईच्या हाका कानांआड! बाजारात तयार किल्ले मिळतात. मावळे, तोफा, शिवाजीमहाराजांचे सिंहासन, सारे काही मिळते. तरी पोरे उन्हात उकिडवी बसून बुरूज थापीत असतात, आणि डोंगरावर पेरलेले अळीव उगवले की नाही हे दिवसातून दहादा पाहून येतात. यात गुण मिळत नाहीत, पैसा मिळत नाही. शिवाय दिवाळी सरली की किल्ला मोडायचा, हेही त्यांना पक्के ठाऊक असते.

आणि पोरांना तरी का हसा? कोपऱ्यावरच्या दुकानात चकल्यांची पाकिटे रचून ठेवलेली असता आपल्या घरी वरच्या फळीवरून सोऱ्या निघतोच ना? भाजणी बिघडली, चकली तेलात विरघळली, तर त्या दिवशी घरातील वातावरण कसे असते, ते वाचकांपैकी पुरुषमंडळींना मी सांगावयास नको.

हा ध्यास कोठून येतो? मराठीच्या मास्तराला असा प्रश्न पडला की तो प्रथम मम्मटाकडे धावतो. अकराव्या शतकातील या काश्मिरी पंडिताने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत : कीर्ती, द्रव्य, व्यवहाराचे ज्ञान, अमंगळाचे निवारण, तत्काळ मिळणारा उच्च आनंद आणि प्रिय पत्नीने गोड शब्दांत करावा तसा उपदेश. यादी मोठी शहाणपणाची आहे. कीर्ती आणि पैसा यांना मम्मट लाजत नाही, हे मला विशेष आवडते. पण गेली कित्येक वर्षे ही यादी फळ्यावर लिहिताना मला वाटत आले आहे की, हिच्यात एक खण रिकामा राहिला आहे. कोणी तरी आपल्याकडे काही मागितले, ते द्यायचे राहून गेले, आणि मग ते राहिलेले काम माणसाच्या मागे लागले, हा प्रकार या सहांपैकी कोठे बसवायचा?

माझे बिऱ्हाड वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे. एके काळचे हे साधे खेडे आज वैद्यकीय महाविद्यालयामुळे गजबजून गेले आहे. येथील मोठ्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. सकाळी केसपेपरसाठी रांगेत उभी राहणारी खेड्यापाड्यांतील माणसे ते नाव रोज वाचतात. विनोबा म्हटले की त्यांना भूदान आठवते, पदयात्रा आठवते. मला मात्र त्या रांगेतील म्हाताऱ्या पाहून विनोबांची आई आठवते.

त्यांचे नाव रुक्मिणीबाई. गोष्ट बडोद्याची. गीतेवरील प्रवचन ऐकून त्या घरी आल्या, पण संस्कृत कळेना. त्यांनी मुलाला मराठी गीता आणावयास सांगितले. मुलाने गद्य भाषांतर आणून दिले. आईला पद्य हवे होते, कारण पद्य मुखी राहते. मग वामनपंडितांची समश्लोकी आली. ती आईला फार जड वाटली. वामनपंडित हे सतराव्या शतकातील थोर पंडित कवी, परंतु त्यांचे मराठी वाचताना निम्म्या वाटेत संस्कृतच लागते, हे आमचे विद्यार्थीही सांगतील. सोपे पद्य कोठे मिळेना, तेव्हा आईने मुलाला सुचविले की, मग तूच का करीत नाहीस? मुलगा ते करू शकेल याविषयी तिला शंका नव्हती.

पुढे 1916 मध्ये विनायक घर सोडून गेला, गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला. 1918 साली आई वारली. मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि गीतेची एक ओळही मराठीत उतरलेली नव्हती.

ती उतरू लागली 7 ऑक्टोबर 1930 रोजी पहाटे, येथे वर्ध्याला. पुरे झाले 6 फेब्रुवारी 1931 रोजी. हिशेब करून पाहिला तर हे 123 दिवस भरतात. गीतेचे श्लोक 700, म्हणजे दिवसाला सरासरी सहा श्लोकही पडत नाहीत. बाहेर मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला होता. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. आणि येथे एक मनुष्य रोज पहाटे पाच-सहा श्लोकांशी झुंजत बसला होता.

आईच्या मृत्यूपासून या पहाटेपर्यंत बारा वर्षे गेली. ही वर्षे फुकट गेली असे समजू नका. 1921 मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी विनोबांना वर्ध्याचा आश्रम चालविण्यास पाठविले. तेथे सूतकताई होती, अध्यापन होते. 1923 मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे मासिक काढले आणि त्यात उपनिषदांवर लिहिले. मम्मटाने काव्याला प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास अशा तीन गोष्टी लागतात असे सांगून, ही तीन वेगळी कारणे नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण आहे, असे बजावले आहे. प्रयोजनांच्या बाबतीत मी मम्मटाशी वाद घातला, पण येथे मात्र त्याच्यापुढे हात जोडतो. आईने मागणी केली तेव्हा मुलापाशी बुद्धी होती, परंतु तिला अजून हात फुटले नव्हते.

काम किती अवघड होते ते थोडे उकलून सांगितले पाहिजे. गीतेचा बहुतेक भाग अनुष्टुभ् छंदात आहे. चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरे, एकूण बत्तीस. संस्कृत ही आवळून बांधलेली भाषा. तिथे एका अक्षराच्या प्रत्ययात विभक्ती भागते, आणि समासात चार शब्द एकमेकांना चिकटून बसतात. मराठीत ‘साठी’, ‘मध्ये’, ‘पासून’, ‘मुळे’ हे शब्द आले की दोन-तीन अक्षरे त्यांच्याच पदरात गेली! मूळ अर्थ सोडायचा नाही, श्लोकाला श्लोक द्यायचा, आणि वर शब्द असे हवेत की जिने शाळेचे तोंड पाहिले नाही तिलाही अडखळू नये. वामनपंडित येथेच हरले. त्यांनी अडचणीच्या जागी संस्कृत शब्द तसेच ठेवले. विनोबांना ती सवलत नव्हती, कारण ज्या वाचकासाठी ते लिहीत होते तो वाचक त्यांच्या डोळ्यांपुढे ठळक उभा होता, आणि त्याला काय जड जाते हे त्यांना अगदी नेमके ठाऊक होते.

पण डोळ्यांपुढे असलेली आई आता बोलून दाखवू शकत नव्हती. म्हणून विनोबांनी हे श्लोक आश्रमातील मुलींना शिकवून पाहिले. मुलगी जेथे अडली तेथे शब्द बदलला. मला हा भाग साऱ्या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो. उपनिषदे कोळून प्यालेला पंडित एका पोरीच्या कपाळावरची आठी पाहून आपली ओळ खोडतो! आमच्यापैकी कित्येक लेखक, यात प्राध्यापकमंडळीही आली, वाचकाला कळले नाही तर वाचकालाच पुन्हा वाचावयास सांगतात.

ग्रंथाचे नाव ठेवले ‘गीताई’. नावातच आई आली. 1932 मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असताना ती छापून निघाली. किंमत होती एक आणा. त्याच तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तुरुंगाने मराठीला किती पुस्तके दिली याचा हिशेब कोणी तरी एकदा मांडावयास हवा. ‘गीताई’च्या पुढे लाखो प्रती खपल्या. वर्ध्याजवळ गोपुरी येथे आज गीताई मंदिर आहे. त्याला छप्पर नाही, गाभाऱ्यात मूर्ती नाही. नुसत्या उभ्या शिळा, आणि त्यांवर अठराही अध्याय कोरलेले.

तेव्हा मागणी, मग तयारी, मग ठरलेली वेळ, आणि मग ज्याच्यासाठी करायचे त्याच्याकडून तपासणी. ऐकावयास सोपे आहे. पण याच वर्ध्याच्या परिसराशी निगडित असलेली दुसरी एक हकीगत अशी की, तीत मागणीही होती, पैसाही होता, तरी काम काही केल्या होईना.

1929 साली अखिल भारत चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे एक लाख! अटी मोठ्या रोकठोक होत्या. चरखा हलका हवा, खेड्यातील झोपडीत हाताने किंवा पायाने चालणारा हवा. बाईमाणसाला आठ तास फारसे न थकता चालविता यावा. तेवढ्या वेळात 12 ते 20 नंबरचे 16,000 फूट सूत निघावे. म्हणजे तीन मैलांहून लांब धागा! किंमत 150 रुपयांवर जाता कामा नये, आणि यंत्र वीस वर्षे टिकले पाहिजे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनही या स्पर्धेसाठी चरखा तयार झाला. पण सगळ्या अटींना पुरून उरेल असे यंत्र कोणाचेच ठरले नाही, आणि ते लाख रुपये कोणालाच मिळाले नाहीत.

येथे गंमत पाहा. ज्या गोष्टी पुढे उपयोगी पडल्या त्या बक्षिसाच्या मांडवाबाहेर घडल्या. पेटीत मिटवून काखेत मारता येईल असा चरखा गांधीजींच्या येरवड्याच्या कैदेत आकाराला आला; कोठडीत जागा कमी, आणि कातल्याशिवाय चैन नाही. धनुष्यतकली तयार केली ती मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनियराने. बंगलोरच्या विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्याचा हा प्रमुख पुढे ‘भारतानंद’ झाला. आपल्याकडे सुतार सामत्याची दोरी फिरवून भोक पाडतो, जवळजवळ तीच युक्ती : धनुकली ओढायची आणि तकली फिरवायची. मोठे चाक नको, पेटी नको. ज्याने कारखाना चालविला त्यालाच चाक वगळण्याचे सुचावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

आणि शेवटी 1950 च्या सुमारास तमिळनाडूतील एकांबरनाथन् यांचा चरखा पुढे आला. त्यांच्याच नावातील ‘अंबर’ त्याला चिकटले. सूत काढताना कसब असते ते बोटांचे. पेळू किती ओढायचा हे बोटे ठरवितात, म्हणून चाक कितीही जोरात फिरविले तरी बोटांच्या पुढे धाव जात नाही. इतरांनी चाक सुधारले. अंबर चरख्यात ओढण्याचे काम लहान लहान रुळांकडे दिले गेले आणि पीळ देण्यासाठी गिरणीतील कडीची युक्ती उचलली गेली. ज्या गिरणीशी चरख्याचे वैर, तिच्याच घरून हा मसाला आला! काही खादीभक्तांना ते रुचले नाही. पण एकाच्या जागी आधी दोन आणि मग चार चात्या एकदम फिरू लागल्या.

वर्ध्यात मगनवाडीला मगन संग्रहालय आहे. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते ते उघडले. तेथे नाना तऱ्हेचे चरखे पाहावयास मिळतात. मी पाहुण्यांना तेथे मुद्दाम नेतो. याच मगनवाडीत कुमारप्पांनी रॉकेलऐवजी तेलबियांच्या तेलावर जळणारा मगनदीप तयार केला. रॉकेल विलायती आणि तेलघाणा गावचा, एवढ्या एका अस्वस्थतेतून तो दिवा लागला.

माझे विद्यार्थी मला नेहमी सांगतात, “सर, सुचते खूप, पण होत नाही.” पूर्वी मी त्यांना प्रतिभेवर व्याख्यान देत असे. आता मी एवढेच विचारतो की, हे कोणासाठी करायचे आहे, आणि रोज किती वाजता? पहिल्या प्रश्नाला निम्मे गप्प बसतात, दुसऱ्याला उरलेले.

आमच्या सावंगीतच, दोन घरे सोडून, एक बाई राहतात. रुग्णालयात परिचारिका आहेत. सासू ऐंशीच्या पुढची. म्हातारीला जात्यावरच्या ओव्या येतात. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या, आणि पराटी वेचतानाच्याही काही. गेल्या वर्षी बाई माझ्याकडे आल्या त्या या ओव्यांचे पुस्तक कसे काढतात हे विचारावयास. मी मोठ्या उत्साहाने संपादन, वर्गीकरण, प्रस्तावना, सारे समजावून दिले. त्याचा परिणाम असा झाला की सहा महिने काहीच घडले नाही. मग एक दिवस त्या दोनशे पानी वही घेऊन आल्या. पहिली तीस पाने भरली होती. पुस्तकाचे काय ठरले, म्हणून विचारले, तर म्हणाल्या, “मले पुस्तकाचं काही समजत नाही, सर. बुढी गेली, का जातं मुकं होते.”

त्यांनी आपला नेम सांगितला : रोज दोन ओव्या, तीन नाही. म्हातारी सांगते, नातू मोठ्याने वाचून दाखवितो, आणि चूक झाली की म्हातारी त्याला रागे भरते. मागल्या महिन्यात दुसरी वही सुरू झाली. सासूबाईंना अलीकडे दुपारनंतर नीट आठवत नाही, म्हणून लिहिणे आता सकाळी सहाला होते, डबे भरण्याच्या आधी.